विद्वत्परिषद : पंगत आणि पंक्तिभेद



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, हे विद्यापीठांतले लोक कुठेतरी जमतात, निबंध वाचतात, जेवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. त्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" प्रश्न खवचट होता, पण गैरवाजवी नव्हता. ह्या परिषदांचा पुष्कळसा खर्च शेवटी लोकांच्याच पैशांतून होतो. तेव्हा त्यांतून लोकांना काय मिळते, हे विचारण्याचा आपला हक्कच आहे. आज मी त्याच प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

परिषदा नाना विषयांच्या भरतात. मी मात्र मुख्यतः एकाच परिषदेची हकीकत सांगणार आहे. ती म्हणजे जगातील गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद. १८९७ साली झुरिच येथे ती प्रथम भरली, आणि दोन महायुद्धांचा काळ वगळला तर साधारणपणे दर चार वर्षांनी भरत आली आहे. ही निवडण्याचे एक कारण असे की गणित हा माझा शिकविण्याचा विषय. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दोन आणि दोन चार, हे सर्व देशांत, सर्व धर्मांत आणि सर्व जातींत सारखेच खरे आहे. निदान ह्या विद्येच्या दारात तरी कोणी कोणाचा देश, वर्ण किंवा लिंग विचारणार नाही, अशी आपली समजूत असणार. ती समजूत कितपत खरी ठरली, हे पाहण्यासारखे आहे. घाबरू नका, फळा आणि खडू मी आणलेला नाही.

घरी बसून का भागत नाही?

प्रथम एका शंकेचा निकाल लावू. निबंध छापून येतात, पत्रे लिहिता येतात, आणि आता तर घरबसल्या एकमेकांचे तोंडही पाहता येते. मग प्रवासाची दगदग कशाला? ह्याचे उत्तर तुम्ही आज येथे येऊनच दिलेले आहे. मी जे सांगणार ते पुस्तकांत मिळणार नाही असे मुळीच नाही. तरीही उन्हाळ्याच्या संध्याकाळी तुम्ही घर सोडून येथे आलात. कारण व्याख्यान संपल्यावर पायऱ्यांवर उभे राहून तुम्ही जे आपसांत बोलता, ते पुस्तकांत नसते.

माझाच अनुभव सांगतो. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवीत होतो. दोन वर्षे एका प्रश्नाशी झटत होतो आणि जागचा हलत नव्हतो. एका परिषदेला गेलो. माझा निबंध दुपारच्या जेवणानंतरचा, म्हणजे श्रोत्यांच्या पेंगण्याच्या वेळेचा. ऐकायला नऊ माणसे, त्यांतली दोन झोपलेली. पण चहाच्या वेळी एक वृद्ध प्राध्यापक माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही ज्या दाराशी बसला आहात ते भिंतीवर नुसते रंगवलेले आहे. खरे दार पलीकडच्या भिंतीत आहे." त्यांनी मला एका जुन्या ग्रंथाचे नाव सांगितले. दोन वर्षांचे काम पुढे दोन महिन्यांत झाले. त्या ग्रंथाचे नाव मला पत्राने विचारता आले असते काय? नाही. कारण काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हेच मला ठाऊक नव्हते. परिषदेचा उपयोग नेमका येथे आहे. जे विचारायचे सुचलेलेच नसते, त्याचेही उत्तर तेथे भेटू शकते.

ह्या परिषदेला माझ्याबरोबर आमच्या कॉलेजातल्या एक सहकारी बाईही यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत. त्यांची गोष्ट मी थोड्या वेळाने सांगेन.

एका प्रश्नाचा ७० वर्षांचा प्रवास

आता एक मोठे उदाहरण घेऊ. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणिता'त एक उदाहरण घातले आहे. असा पूर्णांक शोधा की ज्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा. दिसायला प्रश्न शाळकरी आहे. पण त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि वर्गमूळ येते १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्यांनी ते 'चक्रवाल' नावाच्या रीतीने काढून दाखविले. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, हे आपल्यापैकी काहींना माहीत असेल. विद्या टिकवायची तर माणसे एकत्र बसवावी लागतात, हे आपल्याकडेही त्या काळी उमगलेले होते.

अशा तऱ्हेची समीकरणे असंख्य आहेत. काहींना पूर्णांकांत उत्तर असते, काहींना नसते. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत डेव्हिड हिल्बर्ट ह्या जर्मन गणितज्ञांनी नव्या शतकाने सोडवावेत अशा प्रश्नांची यादी मांडली. प्रत्यक्ष भाषणात त्यांनी १० प्रश्न सांगितले, छापील निबंधात सर्व २३ आले. त्यांतला दहावा प्रश्न असा : अशा प्रकारचे कोणतेही समीकरण समोर ठेवले असता, त्याला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही हे मोजक्या पायऱ्यांत ठरविणारी एकच सर्वसाधारण रीत सांगा.

पन्नास वर्षे ह्या प्रश्नाने फारशी दाद दिली नाही. १९५० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे परिषद भरली. तेथे ज्यूलिया रॉबिन्सन आणि मार्टिन डेव्हिस ह्या दोन तरुण गणितज्ञांनी दहा-दहा मिनिटांचे छोटे निबंध वाचले. ज्यूलिया रॉबिन्सन कॅलिफोर्नियात शिकलेल्या, डेव्हिस पूर्वेकडच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे. देशाची दोन टोके. तेथे भेट झाल्यावर दोघांच्या लक्षात आले की आपण एकाच प्रश्नाच्या मागे आहोत, पण उलट बाजूंनी. बाई साध्या उदाहरणांकडून वर चढत होत्या, डेव्हिस व्यापक सिद्धान्ताकडून खाली उतरत होते. घाटातला बोगदा दोन्ही तोंडांकडून खणावा आणि मधल्या खडकापाशी एकमेकांच्या पहारींचे आवाज ऐकू यावेत, तसे हे झाले.

पुढे डेव्हिस ह्यांना हिलरी पटनम हे सहकारी मिळाले, आणि १९६१ साली तिघांचा मिळून निबंध प्रसिद्ध झाला. आता मधे एकच पातळ भिंत उरली. ती पाडली लेनिनग्राडच्या युरी मातियासेविच ह्या २२ वर्षांच्या तरुणाने, १९७० च्या जानेवारीत. केंब्रिजची भेट झाली तेव्हा ते तीन वर्षांचे होते! ज्यूलियाबाईंचा एक नवा निबंध एका सोव्हिएत नियतकालिकाने त्यांच्याकडे परीक्षणासाठी पाठविला, आणि त्यातच त्यांना हवा तो धागा सापडला. अमेरिका आणि रशिया ह्यांच्यात शीतयुद्ध चालू असताना ह्या दोघांनी पुढे एकत्र काम केले, मिळून निबंध लिहिले.

प्रश्नाचे उत्तर काय निघाले? अशी रीत नाही. सापडलेली नाही असे नव्हे, असूच शकत नाही. यंत्रगणक कितीही वेगवान झाला तरी काही प्रश्न त्याच्या नेमून दिलेल्या रीतीच्या पलीकडे राहणार, हे त्यातून सिद्ध झाले. ज्यांच्या खिशात आज यंत्रगणक आहे, त्या आपल्या सर्वांना त्याची मर्यादा दाखविणारा हा निष्कर्ष आहे. आणि तो एका परिषदेत विचारलेला, दुसऱ्या परिषदेतल्या भेटीने पुढे सरकलेला, आणि तीन-चार विद्यापीठांच्या व दोन वैरी राष्ट्रांच्या माणसांनी मिळून तडीस नेलेला प्रश्न आहे.

आता एक गोष्ट ध्यानात धरा. ह्या साखळीतील एकही माणूस दाराबाहेर राहिला असता तर काय झाले असते? ही काल्पनिक भीती नाही. ह्याच परिषदेचे दार अनेकांवर अनेकदा लागलेले आहे.

देशांचा पंक्तिभेद

पहिले दार देशाच्या नावाने लागले. पहिले महायुद्ध संपले आणि जेत्या राष्ट्रांनी ठरविले की पराभूत राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांशी संबंध ठेवायचा नाही. १९२० ची परिषद मुद्दाम स्ट्रासबूर्ग येथे, म्हणजे जर्मनीकडून फ्रान्सने परत घेतलेल्या शहरात भरविली. जर्मन, ऑस्ट्रियन, हंगेरियन आणि बल्गेरियन गणितज्ञांना तिचे आमंत्रण नव्हते. १९२४ साली टोरांटोलाही तेच झाले. ज्या हिल्बर्टनी शतकाला प्रश्न घालून दिले, त्यांनाच प्रश्नपत्रिकेच्या दालनात यायला बंदी! इंग्लंडचे हार्डी, म्हणजे आपल्या रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी, ह्या बहिष्काराच्या विरुद्ध होते. पण त्या वेळी विजयाचा कैफ मोठा होता.

हे दार उघडले एका विद्यापीठाने. १९२८ ची परिषद इटलीत बोलोन्या येथे ठरली. तिचे प्रमुख साल्व्हातोरे पिंकेर्ले ह्यांनी एक शहाणपणाची युक्ती केली. आंतरराष्ट्रीय संघाचा नियम आड येत होता. तेव्हा त्यांनी ती परिषद संघाच्या नव्हे, तर बोलोन्या विद्यापीठाच्या विद्यमाने भरविली, आणि आमंत्रणे सर्व देशांना धाडली. युरोपातले सर्वांत जुने मानले जाणारे हे विद्यापीठ. त्याने जणू सांगितले की आमच्या घरी कोणी यावे हे आम्ही ठरवू.

तरीही अडचण संपली नाही. आता जर्मनांतलेच काही मानी लोक म्हणू लागले की ज्यांनी आमचा अपमान केला त्यांच्याकडे आम्ही जाणार नाही. रुसवा दोन्हीकडून असतो, हे आपण लग्नकार्यात पाहतोच. हिल्बर्ट ह्यांचे वय ६६ होते, प्रकृती ढासळलेली होती. त्यांनी हा रुसवा मानला नाही. ते आपल्या देशाच्या सत्तरहून अधिक गणितज्ञांना घेऊन बोलोन्याला गेले. सभागृहात ते शिरले तेव्हा सर्व सभेने टाळ्यांनी त्यांचे स्वागत केले. गणिताला वंश नसतो आणि राष्ट्रांच्या सीमा त्याला लागू नसतात, अशा आशयाचे भाषण त्यांनी तेथे केले. आठशेंहून अधिक माणसे त्या परिषदेस होती. बहिष्कार घालणारा तो संघ मात्र पुढे चार वर्षांतच गुंडाळला गेला. आजचा संघ १९५१ साली नव्याने स्थापन झाला आहे.

एक गंमत सांगतो. टोरांटोच्या त्याच बहिष्काराच्या परिषदेतून थोडी शिल्लक उरली. तिचे चालक जॉन फील्ड्स ह्यांनी त्यातून तरुण गणितज्ञांसाठी पदक ठेवण्याचे सुचविले, आणि त्या पदकाला कोणत्याही देशाचे, संस्थेचे वा व्यक्तीचे नाव देऊ नये असेही लिहून ठेवले. १९३६ पासून ते पदक दिले जाते. लोकांनी त्याला 'फील्ड्स पदक' म्हणायचे ते म्हटलेच, पण देशाचे नाव त्याला आजवर लागलेले नाही. बंद दाराच्या परिषदेतल्या माणसालाही त्या दाराचा सल होता, असे मला ह्यावरून वाटते.

रोग मात्र तेवढ्याने बरा झाला नाही. १९५० च्या ज्या केंब्रिज परिषदेची मी मघाशी वाखाणणी केली, तिच्याच वेळी फ्रान्सच्या लोरां श्वार्त्स ह्यांना आणि ८४ वर्षांच्या आदामार ह्यांना त्यांच्या राजकीय मतांमुळे अमेरिका प्रवेश-परवाना देईना. श्वार्त्स ह्यांना त्याच परिषदेत फील्ड्स पदक मिळायचे होते! फ्रेंच मंडळींनी कोणीच न येण्याची धमकी दिली, प्रकरण राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ह्यांच्यापर्यंत गेले, तेव्हा परवाने सुटले. सोव्हिएत संघातून तर त्या वर्षी कोणीच आले नाही. पुढे सोव्हिएत सरकारनेही तेच केले. १९७० साली नोव्हिकोव्ह आणि १९७८ साली मार्गुलिस ह्या आपल्याच पदकविजेत्यांना त्याने पदक घ्यायला जाऊ दिले नाही. डावे असो की उजवे, दाराला कडी लावण्याची हौस सर्व सरकारांना सारखीच.

निबंध चालेल, जेवण नाही

देशाच्या नावाने लागलेले दार निदान सर्वांना दिसते. त्याहून सूक्ष्म दारे असतात. १९५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत नॅशव्हिल येथे गणिताध्यापकांचे एक प्रादेशिक अधिवेशन भरले. गावातल्याच फिस्क ह्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून गणितविभागाचे प्रमुख ली लॉर्च आणि त्यांचे तीन कृष्णवर्णीय सहकारी आले. लॉर्च स्वतः गोरे होते. चौघांना निबंध ऐकू दिले. पण अखेरच्या मेजवानीसाठी त्यांनी नावे दिली होती, ती घेण्याचे चालकांनी नाकारले. त्या तिघांत एव्हलिन बॉइड होत्या. येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या, आणि पुढे अमेरिकेच्या अंतराळयानांच्या कक्षा मोजण्याच्या कामात भाग घेतलेल्या ह्या बाई. यान कोठून जाईल हे त्यांनी सांगितलेले चालते. शेजारी बसून त्यांनी जेवलेले मात्र चालत नाही!

आपल्याला ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपण महाराष्ट्रातली माणसे पंक्तिभेद ओळखतो. कीर्तनाला बसू द्यायचे आणि प्रसादाच्या वेळी वेगळे बसवायचे, हा प्रकार आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालला. अशा माणसाला आपण काय शिकवतो? 'तुझे ज्ञान आम्हांला हवे, तू नको.' आणि मघाशी आपण पाहिले की परिषदेचे खरे काम चहाच्या आणि जेवणाच्या वेळीच होते. म्हणजे ज्याला पंगतीतून उठविले, त्याला परिषदेतूनच उठविले. लॉर्च ह्यांनी देशातल्या मोठ्या गणितसंघटनांकडे मागणी केली की भेदभाव होणार नाही असे तुमच्या नियमांतच लिहा. नुसत्या सद्भावनेवर भिस्त ठेवू नका, हा त्यातला अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो.

स्त्रियांच्या बाबतीत नियम लिहिलेला नसतो, म्हणूनच तो मोडणे कठीण जाते. १८९७ च्या परिषदेला २०८ जण होते, त्यांत स्त्रिया चार. १९३२ साली एमी नोएथर ह्यांना सर्व सभेपुढे मुख्य व्याख्यान देण्याचा मान मिळाला. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ह्याच नोएथरबाईंना गटिंगन विद्यापीठात कित्येक वर्षे हिल्बर्ट ह्यांच्या नावावर व्याख्याने द्यावी लागली होती, आणि परिषदेनंतर वर्षभरातच नाझी राजवटीने, त्या ज्यू म्हणून, त्यांना विद्यापीठातून काढले. त्यांच्यानंतर मुख्य व्याख्यान देणारी स्त्री कधी आली? १९९० साली, क्योतो येथे, कॅरेन उलेनबेक. मध्ये ५८ वर्षे गेली. फील्ड्स पदक तर १९३६ पासून सुरू होऊन स्त्रीला प्रथम मिळाले ते २०१४ साली, इराणमध्ये जन्मलेल्या मरियम मिर्झाखानी ह्यांना.

ज्यूलिया रॉबिन्सन ह्यांचेच पाहा. त्यांचे यजमान ज्या विभागात प्राध्यापक, तेथे पत्नीला नेमता येत नाही, ह्या नियमामुळे त्या वर्षानुवर्षे विद्यापीठात पदावाचून राहिल्या. प्राध्यापकपद मिळाले ते १९७६ साली, दहावा प्रश्न सुटल्यानंतर सहा वर्षांनी.

आता माझ्या त्या सहकारी बाईंची गोष्ट. त्यांचा निबंध माझ्यापेक्षा सरस होता, हे मी तेव्हाही जाणत होतो. पण त्यांचे मूल आठ महिन्यांचे होते. परिषदेत उतरण्याची सोय म्हणजे वसतिगृहातली एक सामाईक खोली, पुरुषांसाठी. बायकांसाठी काय, असे पत्राने विचारले तर उत्तर आले, 'अशी मागणी यापूर्वी आलेली नाही.' कोणी त्यांना येऊ नका म्हटले नाही. दाराला कुलूप नव्हते, पण उंबरठा कमरेइतका होता. त्या चहाच्या वेळी ते वृद्ध प्राध्यापक मला भेटले, त्यांना भेटले नाहीत. पुढे त्यांनी संशोधन सोडले. गणिताचे त्यात किती नुकसान झाले ते मोजण्याची रीत हिल्बर्टनाही सांगता आली नसती.

गुणवत्तेचे काय?

येथे आपल्यापैकी कोणी म्हणतील, विद्येच्या क्षेत्रात एकच कसोटी, ती गुणाची. हा इतक्या देशांचा, त्या इतक्या स्त्रिया, हे इतक्या लहान कॉलेजांचे, असा हिशेब मांडू लागलात तर परिषदेची ग्रामपंचायत होईल.

आक्षेप मनापासूनचा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. पदक कोणाला द्यावे हा गुणाचा प्रश्न आहे. दालनात कोणी यावे हा संधीचा प्रश्न आहे. गुण पारखायचा तर आधी तो समोर यावा लागतो. श्रीनिवास रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेले होते. प्रमाणपत्र पाहून आत घ्यायचे ठरविले असते तर ते कोणत्याच दालनात शिरले नसते. त्यांचे पहिले लेखन छापले ते कोणा परदेशी विद्यापीठाने नव्हे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरांनी गणिताच्या प्रेमापोटी जी संस्था काढली, तिच्या नियतकालिकाने १९११ साली ते छापले. तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी.

ह्या संस्थेचा आपल्या पुण्याशी जवळचा संबंध आहे. तिचे ग्रंथालय पुष्कळ वर्षे फर्ग्युसन कॉलेजात होते. देशात कॉलेजे थोडी, एकेका ठिकाणी गणिताचा एखाददुसरा अध्यापक, परदेशी नियतकालिके महाग. तेव्हा सर्वांनी वर्गणी काढून ती घ्यायची आणि पुण्याहून टपालाने सभासदांकडे फिरवायची, अशी व्यवस्था होती. १९१६ साली मद्रास येथे तिची पहिली परिषद भरली. आज आपण विद्यापीठांच्या सहकार्याची मोठी भाषा बोलतो. त्या सहकार्याचे मूळ रूप हे असे होते : एक पुस्तक, दहा गावे आणि टपालाचे तिकीट.

त्याच संस्थेची पुढची गोष्ट ऐका. १९५६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक छोटी आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. प्रिन्स्टनहून आटले सेल्बर्ग आले. त्यांनी जे मांडले ते पुढे 'सेल्बर्ग सूत्र' म्हणून जगभर गाजले, आणि तो निबंध छापून आला त्याच, डेप्युटी कलेक्टरांनी काढलेल्या संस्थेच्या नियतकालिकात. स्वातंत्र्याला उणीपुरी नऊ वर्षे झाली होती. आपण ज्ञानाच्या पंगतीत नुसते पाहुणे म्हणून जात नव्हतो, वाढायलाही उभे राहिलो होतो. पुढे २०१० साली जगाची परिषदच हैदराबादला भरली. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्ते पदके दिली गेली. तिच्या आदल्याच दिवसांत स्त्री-गणितज्ञांची वेगळी आंतरराष्ट्रीय परिषद तेथे भरली. २०१४ साली सोलच्या चालकांनी विकसनशील देशांतल्या सुमारे १००० गणितज्ञांना खर्च देऊन बोलाविले. उंबरठा कमी करणे म्हणतात ते हे. ह्यात कोणाचे गुण वाढवून दिलेले नाहीत, कोणाचा निबंध दया म्हणून छापलेला नाही. गाडीभाडे दिले आणि उतरायला जागा दिली, एवढेच.

शिकलेला धडा

शेवटी एक अलीकडची घटना सांगून पुरे करतो. २०२२ ची परिषद रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे भरायची होती. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेथे परिषद भरविणे अशक्य झाले. संघाने ती रशियातून काढून घेतली, व्याख्याने घरबसल्या ऐकता येतील अशी व्यवस्था केली आणि त्यासाठी कोणाकडून पैसे घेतले नाहीत. पदके हेलसिंकी येथे दिली गेली. त्यांतले एक युक्रेनच्या मारिना व्हियाझोव्हस्का ह्यांना मिळाले. रशियाच्या सरकारी प्रतिनिधींना परिषदेत स्थान राहिले नाही. पण रशियात राहणाऱ्या गणितज्ञाला, व्यक्ती म्हणून, दार बंद केले नाही.

१९२० शी हे ताडून पाहा. तेव्हा सरकारच्या अपराधासाठी हिल्बर्टना बाहेर ठेवले. एका शतकाने सरकार वेगळे आणि माणूस वेगळा, एवढा विवेक परिषद शिकली. शंभर वर्षांत एकच धडा, असे कोणी म्हणेल. पण समाज ह्यापेक्षा लवकर शिकतो, असा आपला तरी अनुभव कोठे आहे?

मात्र घरबसल्या ऐकण्याने सर्व भागले असेही मी म्हणणार नाही. आठ महिन्यांचे मूल असलेल्या बाईंना तेवढ्याने व्याख्यान ऐकता आले असते, हे खरे. पण चहाच्या वेळचे ते वृद्ध प्राध्यापक पडद्यावर भेटत नाहीत. म्हणून दोन्ही हवे. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत परिषद गेली पाहिजे, आणि जे येऊ इच्छितात त्यांच्या वाटेतला धोंडा काढला पाहिजे.

आता माझ्या शेजारच्या गृहस्थांना मी काय उत्तर देऊ? मी त्यांना सांगेन : तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त थोडा पुढे न्या. आपल्या गावातल्या कॉलेजात पुढल्या वर्षी परिषद भरेल. मंडप किती मोठा होता, पाहुणे कोठून आले, जेवणात काय होते, हे तुम्ही विचारालच. त्याबरोबर एवढे विचारा की, कोण आले नाही? आडगावच्या कॉलेजातून कोण आले नाही, बायकांपैकी कोण आले नाही, भाड्याअभावी कोण आले नाही, आणि आलेल्यांपैकी जेवताना कोपऱ्यात एकटे कोण बसले होते? चालकांनी ह्या प्रश्नांचा आधीच विचार केलेला असेल, तर तुमचा पैसा सत्कारणी लागला असे खुशाल समजा. केलेला नसेल, तर फोटोत दिसणाऱ्या माणसांपेक्षा न दिसणाऱ्या माणसांतच कदाचित आपल्या गावाचा रामानुजन किंवा आपल्या गावाची नोएथर राहून गेली असेल.

राहिलेले आपण पायऱ्यांवर बोलू.